नांगराची निशाणी

सरकारी नोकराला दप्तराचे कौतुक नसते, आणि ते नसावे हेच स्वाभाविक होय. ज्याची हयात कागदांवर शेरे लिहिण्यात, तक्ते तपासण्यात आणि मुदत सरलेल्या फायली नष्ट करण्याच्या हुकमांवर सही करण्यात गेली, त्याने हक्काच्या रजेचे दिवस पुन्हा जुन्या कागदांच्या सहवासात घालवावेत, ही गोष्ट घरच्या मंडळींना वेडगळपणाची वाटली तर त्यांना दोष देता येत नाही. तरीही गेली काही वर्षे आम्ही हा वेडगळपणा करीत आलो आहोत. मुलूख सोडून दूर राहणाऱ्याला गावाची ओढ जशी सणासुदीला लागते, तशी कधीकधी ती इतिहासाच्या रूपानेही लागते. आणि गावाचा इतिहास शोधू गेले की पुस्तके फार लवकर संपतात. पानिपतची हकीकत शंभर ठिकाणी सापडेल. पण त्या साली आपल्या गावात किती नांगर चालत होते, विहिरी किती होत्या, सुताराला बलुते काय मिळे, हे सांगणारे पुस्तक कोणाच्याच कपाटात नसते. ते असते दप्तरात, आणि थोडेसे वस्तुसंग्रहालयात.

आमच्या घराण्याकडे एका लहानशा गावचे कुळकर्ण होते. 1950 च्या कायद्याने परगणा व कुळकर्णी वतने बंद झाली, आणि पिढ्यान्‌पिढ्या माळ्यावर जपलेल्या रुमालांचे मोल एका दिवसात उतरले. वतन नाही तर वतनाचा पुरावा कशाला? आमच्या आजीने त्यांतले बरेचसे कागद मेथीबरोबर भिजवले, कांडले, आणि घागरीवर लगदा थापून त्यांच्या टोपल्या केल्या. त्या काळी घरोघर हे चालत असे. त्यांतली एक टोपली अजून आमच्या घरी आहे. तिच्या आतल्या बाजूस शेवटचा थर म्हणून एक अख्खा कागद चिकटवलेला आहे आणि त्यावर काजळाच्या शाईत, ठसठशीत मोडीत, एकच शब्द शाबूत आहे : 'बितपशील'. म्हणजे, पुढीलप्रमाणे तपशील. त्यापुढचा तपशील टोपलीच्या बुडात गेला. आजीवर रागावण्याचा आम्हांस अधिकार नाही. आम्ही स्वतः कचेरीत बसून याहून किती अधिक कागद निकालात काढले असतील, त्याचा हिशेब न केलेला बरा.

मोठी दप्तरे टिकली, तीही इतिहासाच्या प्रेमाने नव्हे. पुण्याच्या पुराभिलेखागारात जे पेशवे दप्तर म्हणून प्रसिद्ध आहे, ते 1818 साली राज्याबरोबर कंपनी सरकारच्या हाती गेले. पुढे 1852 च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले. कोणाची जमीन खरोखर करमुक्त आणि कोणाची नाही, हे पडताळण्यासाठी सरकारला या कागदांची गरज पडली, म्हणून ते जमवले गेले, लावले गेले, बांधून ठेवले गेले. सारा वसूल करण्यासाठी जन्मलेले कागद सारा वसूल करण्यासाठीच जगले! न्यायमूर्ती रानड्यांनी 1900 साली पेशव्यांच्या रोजनिशांवर निबंध लिहून, लढायांच्या पलीकडचा इतिहास येथे आहे, हे सुशिक्षितांच्या ध्यानी आणून दिले. पुढे रियासतकार सरदेसाई यांनी 1930 ते 1934 या काळात दप्तरातील निवडक कागदांचे 45 भाग छापले. त्यांचा हा उपकार थोर आहे. परंतु त्या भागांत राजकारण आणि मोहिमा यांनीच बहुतेक जागा व्यापली आणि खेड्यांचे कागद मुख्यतः रुमालांतच राहिले. जमाखर्चाचा कागद वाचण्यात कोणाला रस वाटणार, असे त्या पिढीस वाटले असावे. आपल्यासारख्या हिशेबी माणसांनी तरी तसे म्हणू नये.

कारण या रूक्ष कागदांतच शेतकऱ्याचे सुखदुःख आहे, फक्त ते आकड्यांच्या भाषेत आहे. एखादे गाव ओस पडले, कुळे परागंदा झाली, म्हणजे कमाविसदार ती परत यावीत म्हणून कौल देई. पहिल्या वर्षी सारा नाममात्र, दुसऱ्या वर्षी थोडा अधिक, असे चढत चढत काही वर्षांनी पुरा आकार. यास 'इस्तावा' म्हणत. कौलातील ही चढती पायरी वाचली की त्या गावावर काय प्रसंग गुदरला असेल याचा अंदाज बांधता येतो. सवलत जितकी मोठी तितकी आपत्ती दांडगी. काही ठिकाणी तगाई दिल्याची नोंद येते, ती बैलांसाठी की बियाण्यासाठी हेही लिहिलेले असते. वर्ष कोणते, तर शुहूर सनाचे, ज्यास आपले लोक मृगसाल म्हणत. 'खमस सबैन मया व अलफ' असे अरबी शब्दांत ते लिहीत. म्हणजे 1175, आपल्या इसवी सनाचे 1774-75. शब्द परके, परंतु वर्ष बदले ते मृग नक्षत्राला, पेरणीच्या तोंडावर. सरकारी साल पावसाच्या तोंडाकडे पाहून सुरू होई, ही गोष्ट एप्रिल ते मार्च असे वर्ष मोजण्याची सवय झालेल्या आम्हांस प्रथम कळली तेव्हा मोठी मौज वाटली.

थळझाडा नावाचा कागद असतो. त्यात गावची जमीन थळवार मांडलेली असते : वीस पांड म्हणजे एक बिघा, एकशेवीस बिघे म्हणजे एक चावर. थळांना मूळ घराण्यांची नावे असत. घराणे नांदते असले तर ठीक. नाहीसे झाले असले तर जमिनीपुढे 'गतकुळ' एवढाच शब्द. दुष्काळात मेले, की देशोधडीस लागले, की पटकीने सारे घर बसले, यासंबंधी कारकून अवाक्षर लिहीत नाही. त्याला रकान्यापुरते काम. पण मिरासदार किती, उपरी किती आणि गतकुळी जमीन किती, एवढे तीन आकडे हाती आले की गावाचे एका शतकातील चढउतार दिसू लागतात.

हे काम कोणी केले नाही असे नाही. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची बारीक पाहणी करून 1917 साली ती प्रसिद्ध केली. केवळ चालू काळाची पाहणी करून ते थांबले नाहीत. जुन्या नोंदींशी त्यांनी ती ताडून पाहिली. 1771 साली त्या गावी दर खातेदारामागे सरासरी 40 एकर जमीन होती, 1818 साली ती साडेसतरा एकरांवर आली आणि 1914-15 साली सात एकरांवर. इंग्रजी अमलाने शेताचे तुकडे पाडले, असे आपण शाळेपासून ऐकत आलो. ते खोटे आहे असे नव्हे. पण या गावापुरते पाहिले तर सर्वांत मोठी घसरण कंपनीचा अंमल बसण्याच्या आधीच होऊन गेली होती. एका गावावरून साऱ्या देशाचा निवाडा करू नये, आणि बिघ्यांचे एकर करताना थोडेफार इकडचे तिकडे होते, हेही खरे; तथापि हा एक आकडा दप्तरात नसता तर आपण आपल्या समजुतीवरच बसून राहिलो असतो. आज ते पिंपळे सौदागर पिंपरी-चिंचवडच्या उंच इमारतींत बुडून गेले आहे. तेथील शेताचा बांध पाहायचा असेल तर तो कागदावरच पाहावा लागेल.

लोणीचे उदाहरणही असेच. टॉमस कोट्स नावाच्या एका इंग्रज डॉक्टराने पेशवाई बुडाल्यावर लगेच पुण्याजवळच्या लोणी गावाचे वर्णन लिहिले. ते मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथात 1823 साली छापले गेले. घरे, अवजारे, अन्नवस्त्र, गावकामगार, सर्व त्यात आहे. डॉ. घुर्ये यांनी ते गाव म्हणजे लोणीकंद असे ठरवून त्याची पुन्हा पाहणी केली आणि 1960 साली तिच्यावर पुस्तक लिहिले. सव्वाशे वर्षांच्या अंतराने एकाच गावाच्या दारात दोन माणसे उभी राहिली, असा योग विरळा. आणि आपल्या पेशातले उदाहरण हवे तर त्रिंबक नारायण आत्रे यांचे घ्यावे. सरकारी नोकरीत गावोगाव हिंडताना जे दिसले, ते त्यांनी 1915 साली 'गावगाडा' या ग्रंथात नोंदले. फिरतीच्या भत्त्याचे एवढे चीज दुसऱ्या कोणी केल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आता महजराकडे वळू. आमच्या मते खेड्याच्या साऱ्या कागदांत महजर हा राजा होय. पाटीलकीचा, शिवेचा किंवा मानपानाचा तंटा उभा राहिला म्हणजे गोतसभा बसे. आरंभी 'हाजीर मजालसी' म्हणून बसलेल्यांची नावे. देशमुख, देशपांडे, आसपासच्या गावांचे पाटील, मग बलुतेदार. दावा सांगणारा तो अग्रवादी, उत्तर देणारा तो पश्चिमवादी. दोघांकडून जामीनकतबे घेत, निवाडा मान्य करू असा राजीनामा लिहून घेत, मग तक्रीर आणि करीना, म्हणजे आपापली हकीकत. साक्षीदारांस देवळात किंवा नदीच्या पात्रात उभे करून सत्य बोलावयास लावीत. त्यानेही निकाल लागला नाही तर दिव्य; उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढावयाचा, आणि हात भाजतो की शाबूत राहतो यावर पाटीलकी ठरावयाची. हरलेल्याने येजितखत लिहून द्यावे, सरकारात गुन्हेगारी भरावी. जिंकलेल्याने हरकी द्यावी. म्हणजे दोघांकडूनही सरकारची प्राप्ती झालीच! डॉ. वि. त्र्यं. गुणे यांनी 1953 साली मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर ग्रंथ लिहिला, तो अशाच महजरांच्या आधारे. परंतु कायद्याहून आम्हांला त्या करीन्यांतील माणसे अधिक ओढून घेतात. वाद असतो पाटीलकीचा. पण तो सांगता सांगता वादी आजोबाच्या काळचा दुष्काळ सांगून जातो, धान्याच्या मोबदल्यात अर्धे वतन कसे लिहून द्यावे लागले ते सांगतो, भाऊ परगावी निघून गेला त्याचे दुःख सांगतो. शेतकऱ्याचे बोलणे, पुष्कळसे त्याच्याच शब्दांत, येथेच ऐकू येते.

आणि अखेरीस सह्या. लिहिता येणारा एखादाच, बहुधा कुळकर्णी. त्याच्या नावापुढे लेखणी. बाकीच्यांच्या निशाण्या. पाटलाच्या नावापुढे नांगर, शेट्यामहाजनापुढे तराजू, न्हाव्यापुढे आरसा, महारापुढे विळा. ज्याचे जे हत्यार तेच त्याचे नाव. आम्ही पाहिलेल्या काही कागदांवर नांगर म्हणजे दोन वाकड्या रेघा आहेत. काहींवर मात्र इसाड, रुमणे, फाळ सारे ओळखू येते. पहिल्यांदा अशी निशाणी पाहिली तेव्हा आम्ही पुष्कळ वेळ पान उलटले नाही. छापील ग्रंथात तेथे नुसते 'निशाणी नांगर' एवढे शब्द येतात, आणि त्या दोन शब्दांवरून आपण किती सहज पुढे जातो!

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आम्ही पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात गेलो. दिनकर गंगाधर केळकरांनी आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने हा संग्रह उभारला आणि 1975 साली तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला, हे वाचकांस ठाऊक असेलच. गावोगाव फिरून त्यांनी दिवे, अडकित्ते, कुलपे, दौती, दरवाजे जमवले. राजवाड्यांनी कागदासाठी जी पायपीट केली, तीच केळकरांनी वस्तूंसाठी केली. अशा कोणत्याही संग्रहालयात हिंडताना मात्र आम्हांला एक गोष्ट खटकते. वस्तूखाली तिचे नाव असते, फार तर शतक आणि प्रांत असतो; गाव क्वचितच असते. विळा कोणत्या शिवारात चालला, अडकित्ता कोणाच्या चंचीत होता, हे वस्तू सांगू शकत नाही. दप्तरात गावाचे नाव पक्के, सालही पक्के, पण तेथला नांगर दोन रेघांचा. संग्रहालयात नांगर हाताने चाचपून पाहावा असा, पण तो कोणाचा ते ठाऊक नाही. एकाच कुटुंबाची दोन माणसे दोन शहरांत बदली होऊन राहावीत आणि त्यांची पत्रभेटही नसावी, तसा हा प्रकार आहे.

दोन्ही एकत्र ठेवून पाहिले म्हणजे काय होते, याचे एक साधे उदाहरण देतो. जुन्या कागदांत मांगाच्या बलुत्याची नोंद येते, आणि त्याने दोरखंडे पुरवावीत असा उल्लेख असतो. नुसते वाचून आम्हांला त्याचे महत्त्व कळले नव्हते. पुढे एके ठिकाणी जुनी मोट पाहिली : चामड्याची ती भली मोठी पिशवी, तिचा जाड नाडा, सोंडेची बारीक सोल. नाडा तुटला तर मोट विहिरीत आणि बागायत उन्हात. गावच्या सगळ्या विहिरींचे पाणी त्या दोरावर लोंबकळत होते, आणि दोर वळणाऱ्याचे हक्क कागदात सर्वांच्या खाली लिहिले होते. इंजिने आणि विजेचे पंप आले, मोट गेली. आता तो दोर कसा वळीत हे सांगणारेही थोडेच उरले.

बलुतेदार हे एकेका कुळाचे नोकर होते की साऱ्या गावाचे, हा प्रश्न जपानी अभ्यासक हिरोशी फुकाझावा यांनी अठराव्या शतकातील मराठी कागद वाचून तपासला आणि ते गावाचेच कामगार होते असा निर्वाळा दिला. त्यांचे निबंध 1991 साली ग्रंथरूपाने निघाले. तोक्योहून येऊन एका माणसाने आमचे बलुते समजून घेतले, ही गोष्ट अभिमानाची मानावी की संकोचाची, ते वाचकांनी ठरवावे.

दप्तरातून सारे खेडे दिसते असा मात्र भ्रम नको. दप्तराला डोळे दोनच : एक साऱ्याचा, दुसरा तंट्याचा. जो सारा भरीत नाही आणि ज्याला दावा लावता येत नाही, तो त्याला दिसत नाही. स्त्री त्यात येते ती वतनाची विधवा म्हणून, दत्तक घेणारी म्हणून किंवा गुन्हेगार म्हणून. पहाटे दळणारी, शेणगोठा करणारी, खुरपणीच्या रांगेत वाकलेली बाई कोणत्याच रकान्यात बसत नाही. येथे संग्रहालय अधिक न्यायी ठरते. केळकरांच्या संग्रहात करंडे आहेत, फण्या आहेत, वज्री आहेत, स्वयंपाकाची भांडी आहेत. अडीचशे वर्षांत ज्या हातांची एक ओळही कोणी लिहिली नाही, त्या हातांनी झिजवलेल्या वस्तू तेथे ओळीने मांडलेल्या आहेत.

महाराची गोष्ट याहून कठीण आहे. महजरात त्याची निशाणी असते. शिवेच्या तंट्यात तर त्याची साक्ष मोलाची धरीत, कारण गावची हद्द त्याच्या इतकी कोणाच्याच पायाखालची नसे. परंपरेने त्याचे बावन्न हक्क सांगितले जातात. एवढे वाचून, गावगाड्यात प्रत्येकाला आपापले मानाचे स्थान होते, असे गोड चित्र काढणारे लेखक आपल्याकडे पुष्कळ झाले. पण हक्कांची यादी ज्या कागदात आहे, त्याच कागदात राबणुकीचीही आहे, आणि ती रात्रंदिवसाची आहे. डॉ. आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कायदे मंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. ज्याला दप्तर 'हक्क' म्हणत होते, त्याला ते गुलामगिरी म्हणत होते. विळ्याची निशाणी करणारा माणूस त्या सभेत काय बोलला असता, त्याला बोलू दिले असते तर, हे आम्हांस महजरातून कळत नाही. ती निशाणी पाहताना एवढे ध्यानात ठेवावे लागते.

आपणांपैकी जे दूरच्या मुलखात आहेत, त्यांना या शोधासाठी पुण्यालाच गेले पाहिजे असे नाही. तंजावरच्या सरस्वती महालात मोडी कागद आहेत; भोसल्यांच्या राज्यातील अन्नछत्रांचे हिशेब अशा कागदांत सापडतात, आणि कावेरीच्या काठी किती तांदूळ शिजला हे आपल्या लिपीत लिहिलेले पाहून परमुलखातल्या मराठी माणसाला काय वाटते, ते तेथे जाऊनच अनुभवावे. बडोद्यास गायकवाडांचे दप्तर आहे. धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळ आहे, पुण्यास 1910 साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. आणि या दोन्ही मंडळांनी कागद व वस्तू एका छपराखाली ठेवल्या आहेत. अडचण एकच. मोडी शाळांतून गेल्याला कित्येक दशके लोटली. पाचसहा आठवड्यांच्या वर्गात अक्षरओळख होते. पुढे हात बसायला वर्ष लागते. आम्ही ते उतारवयात शिकलो. लेखणी न उचलता लिहिलेली ती अक्षरमाळ प्रथम मुंग्यांच्या रांगेसारखी दिसते, आणि मग एके दिवशी त्या रांगेतून 'मौजे' हा शब्द एकदम वर येतो.

आजीच्या टोपल्यांतून एक रुमाल वाचला होता. मागल्या रजेत आम्ही तो गावी सोडला. त्यात एक फाटका थळझाडा निघाला. एका थळापुढे एका घराण्याचे आडनाव, आणि त्यापुढे 'गतकुळ'. त्या आडनावाचे घर आज गावात नाही; पंचक्रोशीतही नाही. ज्या शेतकऱ्याकडे ती जमीन आता आहे, त्याला आम्ही तो कागद वाचून दाखवला. तो म्हणाला, "आम्ही त्या वावराला याच नावानं हाक मारतो, साहेब. का, ते आमच्या म्हाताऱ्यालाही ठावं नव्हतं." मग त्याने कागद हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि खालची निशाणी बोटाने दाखवून विचारले, "हा नांगर ना?"